नोंदीतून वगळा

इलोइलोच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं
लोकांचं बोलणं टिपते आहे.
माझा शब्द त्यात एकही नाही.

आज साक्षीला फेलिसा मागबानुआ, वय एक्केचाळीस,
राहणार हारो, धंदा बाजारात सुकट विकण्याचा.
बोटांना वास राहिला होता,
शपथेला तोच हात वर केला.

आमच्या देशात काडीमोड नाही.
काडी आहे, ती मोडत नाही, एवढंच.
फार तर सिद्ध करता येतं
की काडी मुळात नव्हतीच.
त्यासाठी वकील लागतो, मनाच्या डॉक्टरचा अहवाल लागतो
आणि घरावर नवे पत्रे चढतील इतके पैसे.

वकिलानं तिला आठवडाभर पढवलं होतं:
आर्नुल्फो पहिल्या दिवसापासून आजारी होता म्हणायचं,
मनानं लग्नाला नालायक,
आणि तुझी संमती ही संमती नव्हतीच.

"लग्नाच्या दिवशी तुम्ही काय म्हणालात?"
"हुओ," ती म्हणाली. आमच्या भाषेत 'हो'.
"दबाव होता?"
वकील तिच्याकडे बघत राहिला, नवसाच्या देवाकडे बघावं तसा.
"नाही. मीच म्हणाले.
एकोणीस वर्षांची होते,
माझ्या 'हो'खाली बापाची सही लागली कायद्यानं,
पण 'हो' माझंच.
दोघांच्या खांद्यांवर मिळून एक दोरी टाकली,
मला ती माळेसारखी वाटली.
चांगला होता हो तो तेव्हा.
खेकडा फोडून गर मला द्यायचा.
आता 'नाही' म्हणतेय तीही मीच.
ते कुठे लिहायचं?"

न्यायाधीशबाई म्हणाल्या,
प्रश्नाला धरून नाही. नोंदीतून वगळा.

मग सरकारी वकील उठले.
सरकारचं इथे काम एकच:
नवरा-बायकोनं संगनमत तर केलं नाही ना, ते पाहणं.
बांधून घेताना दोघं राजी लागतात;
सुटताना दोघं राजी दिसली
की अर्ज फेटाळला.
मागच्या बाकावर आर्नुल्फो टोपीची कड चाचपत होता.
त्यालाही सुटायचं होतं.
म्हणून त्यानं तोंड उघडलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आमचा नाझर तेओदुलो माझ्याशी भांडला.
"दार उघडं ठेवलंत तर घरात राहील कोण?"
मी म्हटलं, तुझ्या घराला दार नाही?
"आहे."
मग रोज संध्याकाळी परत का जातोस?
त्यानं भातावर सूप ओतलं, चमचा तसाच धरून बसला.
"माझ्या बहिणीला टाकून गेला तो
मनिलात दुसरीबरोबर राहतो.
कायदा आहे म्हणून अजून ती कुणाची तरी बायको आहे.
चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसते.
तेवढंही काढून घेणार तुम्ही?"

यावर मला काही सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

रात्री कागद टंकायला बसले.
पलीकडे माझा नवरा रेडिओ उसवून
हरवलेला स्क्रू शोधत होता. एकतीस वर्षं.
"दार असतं तर गेला असतास?"
"कुठलं दार? दिवा जरा इकडे कर."
दिवा इकडे केला.
स्क्रू माझ्याच खुर्चीखाली निघाला.

वगळलेलं टंकायचं नसतं. मी नाही टंकलं.
पण लघुलिपीच्या वहीत ते आहे,
माझ्या घाईच्या खुणांत:
'हो'ची वर उठलेली रेघ,
चार ओळी सोडून 'नाही'ची, खाली वळलेली,
दोन्ही तितक्याच दाबून काढलेल्या.
त्यावर काट मारायला हवी होती.
वही मिटून ठेवली.

निकाल फेब्रुवारीत.
तोवर फेलिसा कायद्यानं बायको आहे
आणि पहाटे चारला सुकट पसरते.