धुराची वाट

रात्रीच्या वादळात पाइन आडवा झाला, नेमका
कब्रस्तानाच्या रस्त्यावर.
नोव्हेंबर. वोरूच्या दक्षिणेला. नऊ वाजले तरी
उजाडण्याचा नुसता प्रयत्न.
मागे माझा ट्रक, ट्रकात पेटी, पेटीत आर्वेद,
ज्यानं पंचक्रोशीतली एकूण एक करवत
चाळीस वर्षं उघडली, पुसली, मिटली.

हेल्दुरनं आपली नारिंगी करवत काढली.
तिचं पोट गवतावर, मागच्या मुठीत त्याचा बूट रोवलेला,
आणि ओढली दोरी.
ओढली.
ओढली.
एकदा फक्त शिंकल्यासारखी झाली
आणि गप्प.

मग जितकी तोंडं तितकी निदानं.
चोक ओढ. अरे, चोक ढकल.
"पेट्रोल गेल्या सालचं असणार,"
काल्योनं टाकीला नाक लावलं, तोंड वाकडं केलं;
होतं ते ओतलं, नवं आणलं, टू-स्ट्रोकचं तेल
औषधासारखं मापून मिसळलं.
शिंक. गप्प.
प्लग काढला: ओला. बाहीला पुसला,
धातूला टेकवून दोरी ओढली
तर ठिणगी निळी, ठणठणीत.
हवेची गाळणी झटकली, भुसा उडाला, पाद्रीबुवा खोकले.
दूध प्यायलेल्या पोराला खांद्यावर घेऊन
थोपटावं, तसं तिला थोपटलंही एकानं.
शिंक.

बोलत कुणीच नव्हतं, पण प्रत्येक जण
मान वळवून एकदा ट्रककडे बघून घ्यायचा.
तिथून तो नेहमीचा प्रश्न यायला हवा होता:
"शेवटची धड कधी चालली होती?
आणि खोटं बोलू नकोस."

विर्वे, त्याची मुलगी, टालिनहून आलेली,
काळे हातमोजे, सकाळपासून डोळे कोरडे
(बायका त्यावरूनही कुजबुजल्या होत्या),
पुढे झाली. ओणवी झाली.
"आत काय जातं ते सगळ्यांनी पाहिलंत," म्हणाली,
"बाहेर कुठून पडतं?"

एक हातमोजा दातांनी ओढून काढला.
माझ्याकडून पाना घेतला, धुराड्याचे दोन स्क्रू सोडवले.
आत अंगठ्याच्या नखाएवढी जाळी,
काजळीनं अशी लिंपलेली
की ती जाळी आहे हे सांगावं लागावं.
केसांतली पिन काढून खरवडली,
चार पावलं दूर जाऊन लायटरवर लाल केली,
फुंकली, आरपार पाहिलं,
त्या बारीक भोकांतून तिला काय दिसलं कोण जाणे,
बराच वेळ पाहत राहिली.

दोरी तिनंच ओढली.
दुसऱ्या झटक्याला रानभर आवाज,
पलीकडच्या वस्तीतली कुत्री भुंकू लागली.

खोडावर जुने क्रूस होते. आमच्याकडे
या वाटेनं माणूस नेताना
त्याच्या नावानं झाडात क्रूस कोरतात.
त्यातला एक आर्वेदच्या आईचा,
सालीनं अर्धा गिळलेला.
हेल्दुरनं हातभर अलीकडे पातं टेकवलं.
भुसा उडाला, ओला, पिवळा,
पेटीवरही बसला. कुणी झटकला नाही.

ओंडका चौघांनी लोटला. रस्ता मोकळा.
हेल्दुरनं घाम पुसला, सवयीनं पाकीट काढलं,
सवयीनंच ट्रककडे वळून म्हणाला,
"किती झाले?"

पाकीट परत खिशात जायला फार वेळ लागला.
विर्वेच्या तळव्यावर काजळी होती,
त्याच हातानं तिनं डोळे झाकले.

करवत बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं.
गवतात पडल्या पडल्या ती
सावकाश धूर सोडत राहिली.