अज्ञात प्रकाशक

नवा संगणक आला त्या दिवसापासून
नंदुरबारच्या मार्केटात, काट्यावर,
रोज सकाळी एकच प्रश्न.

पडदा आधी काळवंडतो, लाइट जावी तसा.
मग मधोमध चौकट, वर पिवळी पट्टी:
या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?
प्रकाशक: अज्ञात.
खाली होय, शेजारी नाही,
आणि निवड आधीच नाहीवर टेकलेली,
फाटकात पाय पसरून बसलेल्या वॉचमनसारखी.

बाहेर कोपर्लीचा ट्रॅक्टर,
त्यामागे पथारीवर जायची ओली लाल मिरची भरलेले दोन पिकअप.
ड्रायव्हर शिंकतो, मी शिंकते.
जुना कीबोर्ड मी बदलू दिला नाही,
त्याच्या फटींत वीस वर्षांचं तिखट आहे.

अज्ञात?
अहो, हा आपला भटू.
भटू ओंकार बडगुजर.
दोन हजार तीन साली झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
बनियनवर बसून त्यानं हा काटा लिहिला.
पहिल्या आठवड्यात वजाच्या जागी अधिक पडलं,
रिकामी गाडी भरलेल्या गाडीहून जड निघाली.
एका व्यापाऱ्यानं त्याला चहा पाजला, म्हणाला,
अधूनमधून असं होऊ देता येईल का रे?
नाही, म्हणाला भटू.
कप अर्धा ठेवून उठला.
मी तिथेच होते, पावत्या फाडत.

आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला
तर त्याला होय-नाही विचारत नाहीत.
ओट्यावरून एवढंच येतं:
कोना पोऱ्या शे रे तू?
उत्तर पटलं की मागोमाग पाण्याचा तांब्या.
या यंत्राला तेवढं विचारता येत नाही.

तीन महिन्यांत माझं बोट शिकलं
आणि डोळे विसरले.
काळोख, पिवळं, होय.
शिंक, होय.
गाडी आत, होय.

पौषात एक चौकट आली, अशीच काळी, अशीच पिवळी,
तिच्यात भटू नव्हता.
कोण होतं ते मी अजून सांगू शकत नाही,
कारण मी वाचलंच नाही.
दोन दिवस काटा बंद.
गाड्यांची रांग दोंडाईचा रस्त्याला लागली,
ओल्या मिरचीला वास सुटला.
सभापती म्हणाले, परवानगी कोणी दिली?
मी म्हटलं, मी.

भटू शहाद्याहून आला. आता पपई लावतो.
बुटांना चिखल, डोळ्यांवर जाड भिंगं,
पिशवीत एक सीडी, तिच्यावर मार्करनं लिहिलेलं: काटा, शेवटचा.
सीडी घालायला नव्या यंत्राला तोंडच नाही.
तो हसला, खिशातून पेनड्राइव्ह काढला.
माहीत होतं त्याला.

मग तीच चौकट उगवली.
त्यानं ती सगळी वाचली, ओठ हलवत,
पत्रिका वाचावी तशी.
मला वाटलं, दुखावला.
म्हणाला, खरंय की, छबूताई.
नाव नोंदवायचं तर दरवर्षी पैसे भरावे लागतात.
मी कुठं भरले?
ह्याला मी माहीत नाही, आणि नाही म्हणून सांगतोय बिचारा.
त्याचं बोट होयवर गेलं, थांबलं.
कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.
तू दाब. काटा तुझा आहे.

आता मी रोज वाचते.
सगळं, वरच्या पट्टीपासून, एकेक अक्षर.
मागून हॉर्न वाजतात,
कोणीतरी अहिराणीत माझा उद्धार करतो.
वाचून झालं की दाबते.

पावती खरखरत बाहेर येते.
सर्वांत खाली, पुसट शाईत,
भटूनं तेव्हाच घालून ठेवलेली एक ओळ आहे:
अडचण आल्यास भटू बडगुजर,
आणि पुढे कधीच बंद झालेला लँडलाइन नंबर.
ड्रायव्हर ती घडी करून टोपीत खोचतो,
न वाचता.