एका कोनाचे दोन सेकंद

एकतीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली,
टोलीडोच्या पूर्व भागात,
ताशी पंचवीस मैल, आरशात बेचाळीस डोकी.
निवृत्त झाले तेव्हा केक मिळाला,
त्यावर साखरेची बस.
चाकं मी खाल्ली नाहीत.

मग एकदा पेट्रोल पंपावर
एक जुनी निळी माझदा,
दारावर टेपने चिकटवलेला आकडा, एक कोपरा सुटलेला.
हे काय गं, मी विचारलं.
"रविवारी असतं," मुलगी म्हणाली, आणि गेली.
कुठे असतं, ते राहूनच गेलं.

शोधत सुटले.
टायरवाल्या ऑर्विनने खांदे उडवले.
सुट्या भागांच्या दुकानातला म्हणाला, "रेस? या वयात?"
आणि मला वायपर विकले.
(वायपर चांगले निघाले, ते जाऊ दे.)
शेवटी भंगारवाल्या नेस्टरच्या फ्रिजवर,
चुंबकाच्या माशाखाली,
तेलकट अंगठा उमटलेला एक कागद:
बंद पडलेल्या मॉलचं पार्किंग, सकाळी सात.
हेल्मेट नसेल तर देऊ.

त्या "देऊ"वर मी भाळले.

इथूनच कधी पडदे घेतले होते.
आता भिंतीवरून दुकानाची अक्षरं काढून नेलेली,
त्यांच्या जागी त्यांचाच फिका आकार.
डांबराच्या भेगांत निळी फुलं,
कॉफीत घालतात त्या चिकोरीची,
आणि मैदानभर नारिंगी कोन, शे-दीडशे.
तू कोण, असं मला कुणीच विचारलं नाही.
विचारलं, गाडी कोणती?
"आईची ब्यूक."
एका बाईने चाकं हलवून पाहिली, मान डोलावली,
आणि डिकीतलं सगळं बाहेर काढायला लावलं:
छत्री, बाबांचा गळ,
बर्फासाठी घेतलेलं, दगड झालेलं मिठाचं पोतं.

आधी सगळे पायी चालतात.
ओठ हलवत, हवेत हात वळवत,
परीक्षेच्या वर्गाबाहेर पोरं पाठ करतात तसे.
मीही चाललो त्यांच्यात, म्हणजे चालले;
इतकी गर्दीत मिसळले होते.

पहिल्या फेरीत हरवले.
गाडीत बसल्यावर वाट कसली,
नुसतं नारिंगी रान.
वेळच लागली नाही माझी.

दुसऱ्या फेरीला शेजारी शिकवणारा बसला.
"मिस वर्ना, एवढ्या लवकर ब्रेक नको."
शेवटच्या बाकावरचा कोल्टन टाकाच!
सहावीत याला रोज ओरडायचे,
खाली बस, हात आत घे.
आता त्याचे हात आत होते, मांडीवर, घट्ट.
"समोरच्या कोनाकडे नका बघू.
त्याच्या पुढच्याकडे."

मी तर एकतीस वर्षं
मागेच बघत आले, आरशात.

ब्यूक आधी कुशीवर कलली,
उन्हातलं म्हातारं कुत्रं कलतं तशी,
आणि मग जी सुटली!
हेल्मेटमध्ये कुणाच्या तरी पेपरमिंटचा वास,
टायर बोंबलताहेत,
आणि कुणीतरी हसतंय मोठ्याने. कोल्टन नव्हता.

एकोणसाठ पॉइंट चार.
एक कोन आडवा, त्याचे दोन सेकंद.
एकसष्ट पॉइंट चार. माझंही वय
साधारण तेवढंच, पण बोलले नाही.

दुपारी पाळी असते:
दुसरे धावताना आपण उन्हात उभं राहायचं,
पडलेला कोन उचलून
खडूच्या चौकटीत परत ठेवायचा.
हातात लाल झेंडा. थांबवायची सवय होतीच.

कुंपणापाशी एक पिकअप थांबली,
खिडकीतून एक माणूस, मांडीवर पोरगी.
"काय चाललंय इथे?"
"रविवारी असतं," म्हणाले,
आणि जीभ चावली.
कागद नव्हता, त्याच्या हातावरच लिहायला घेतलं,
जागा, वेळ,
हेल्मेट दे... एवढ्यात
रेडिओ खरखरला:
तिसऱ्या चौकीवर कोन पडलाय. कोण आहे तिथे?

मी, मी आहे!
म्हणत धावले.