डुमसोर

तिसऱ्या दिवशी मी पंख्याकडे बघणं सोडलं.
तीन पाती, एकावर गांधीलमाशीचं मातीचं घर,
आणि बटण चालूच ठेवलेलं,
म्हणजे आली तर कळावं.

तमाले. घानाची उत्तर. मार्च.
दक्षिणेकडच्या लोकांनी या प्रकाराला नाव दिलंय: डुमसोर.
विझव-पेटव.
"मग पेटव कुठेय?" मी विचारलं.
मेमुनातू, गेस्टहाऊसची मालकीण, हसली नाही.
"नाव अक्रातलं आहे," म्हणाली. "तिकडे दोन्ही होतं."

दुपारी सावलीलाही ताप होता.
मेणबत्ती न पेटवताच वाकली टेबलावर,
कुणाला तरी नमस्कार केल्यासारखी.
पंचा भिजवून अंगावर घेतला,
शंभर आकडे मोजायच्या आत कडक, पापडासारखा.

बाहेर कडुलिंब. खरंच, आपलाच कडुलिंब,
तसाच बारीक मोहोर गाळत उभा.
खाली बाकावर माणसं, शेळ्या, एक शिलाई मशीन;
इद्दी शिंपी पायानं चालवतो, त्याला वीज कशाला.
"तू आत काय करतोस?" त्यानं विचारलं.
खोलीचं भाडं भरलंय, म्हणालो.
तो इतका हसला की टाका चुकला.

इथे कुणी रामराम घातला की उत्तर एकच: नाऽ.
मी दोन दिवस ते आपलं 'ना' समजत होतो,
लाडीगोडीचं, नाहीतर नकाराचं,
आणि दर वेळी थांबून राहायचो
पुढचं वाक्य येईल म्हणून.

रात्री अंगणात चटया पडल्या.
मशिदीच्या जनरेटरला एकवीस फोन लटकत होते, त्यांत माझाही;
भरला की वुनपिनी आणून देणार होती,
वय नऊ, या कामाचे पैसे आधीच घेतलेले.

साडेअकराला मेमुनातूनं फ्रीझर उघडला.
दोन दिवस तिनं त्यावर गोधड्या, पोती
आणि मधूनमधून स्वतःचा हात ठेवला होता,
आजाऱ्यावर ठेवतात तसा.
आत सोबोलो: लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत,
आलं, लवंग, पिशव्यांत गोठवलेलं,
शुक्रवारच्या लग्नासाठी दोनशे पिशव्या,
आगाऊ रक्कम घेतलेली, खर्चही झालेली.
एक दाबून पाहिली. कडेला पाणी, मध्ये अजून दगड.
काही बोलली नाही. ओठ हलले, हिशेब असावा.
मग दिव्याशिवाय, एकेकाचं नाव घेत
वाटायला लागली.

आधी मानेवर, मग काखेत, मग कपाळावर,
आणि शेवटी कोपरा दातानं तोडायचा:
हे वुनपिनीनं शिकवलं. याचे पैसे नाही घेतले.
अफा याहुझांनी आपली पिशवी
दावणीच्या मेंढ्याच्या कपाळाला टेकवली.
मेंढा डोळे मिटून उभा राहिला.
अंधारात चहूकडे चोखण्याचे आवाज,
कुणाच्या तरी बाळाची उचकी.
उष्मा होता तिथेच होता, चटईच्या कडेला बसून;
त्याला कुणी पिशवी दिली नाही.

मी सगळ्या पिशव्यांचे पैसे देऊ केले.
मेमुनातू म्हणाली, "उद्या बोलू. आत्ता हात चिकट आहेत तुझे."

पहाटे चारला आली.
एकदम: फाटकावरचा दिवा, शेजारचा रेडिओ,
रिकाम्या फ्रीझरची गुरगुर,
आणि उघड्या दारातून माझ्या खोलीत
पंखा, जोरात, मोकळ्या खाटेवर
मातीचं घर घेऊन गरगरताना.
झोपलेल्या सगळ्यांचे ओठ लाल दिसले. माझेही असतील.
अफा कुशीवर वळले, बाही डोळ्यांवर ओढून
काहीतरी पुटपुटले.
इद्दीनं अर्धवट झोपेत सांगितलं,
"विझव म्हणतायत."

बटणाजवळ मीच होतो.
"नाऽ," म्हणालो,
आणि उठलो.