योग्य चौकटीत खूण करा

दुपारच्या लेक्चरनंतर कुणी पीएचडीवाल्या मॅडम
गुलाबी कागद वाटून गेल्या.
नाव लिहायचं नाही म्हणाल्या,
तरी डिंपल बिसेननं सवयीनं वरच्या कोपऱ्यात
नाव आणि रोल नंबर टाकला,
मग खोडरबर मागत बेंचभर फिरली.

प्रश्न एक. हा अभ्यासक्रम आपण का निवडलात?
रुग्णसेवेची आवड. नोकरीची हमी. पालकांची इच्छा.
इतर. आणि इतरच्या पुढे
इंचभर रेघ.

इंचात मावतं ते एवढंच :
नीटमध्ये एकशे चौदा मार्क कमी पडले.
मावत नाही ते मामाचं,
कूलरच्या टाकीत पाइप धरून उभा असताना म्हणालेलं,
"डॉक्टर नाही त डॉक्टरच्या बाजूची त होशीन."

दीड वर्ष झालं, मी बाजूलाच बसते.
आरसा डाव्या हातात, स्केलर उजव्या,
खुर्चीचा दिवा कुणाच्या तरी घशापर्यंत.
दाताच्या मागे जिभेकडून
दगड झालेलं कीटण,
एक खपली निघते तेव्हा
नळीत टिक् करून वाजते.
तो आवाज मला आवडतो. याला चौकट नाही.

प्रश्न चार. समाजाला आपला व्यवसाय कितपत ठाऊक आहे?
मानेवाड्याच्या कुंभारेकाकू
चुलतभावाच्या लग्नात, जेवणाच्या रांगेत,
हातातली ताटली मला देऊन
गालात बोट घालून दाढ दाखवतात.
"काढून देशीन का वं?"
मी काढत नाही काकू.
काढावी लागू नये म्हणून जी असते, ती मी.
"मंग नर्स हायस."
मागून कोणी ओरडतं, रांग पुढे घ्या.

उके सर पहिल्याच महिन्यात
प्लास्टिकच्या जबड्यावरचा माझा हात थांबवून म्हणाले,
बोटांनी नाही, बाकीच्यांनो इकडे पाहा,
हिच्यासारखं मनगटानं.
कुठं शिकलीस?

सांगितलं नाही.
उमरेडच्या एसटी स्टँडसमोर
टिनाच्या टपरीत बाबा बसतात.
सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन
लाकडाच्या फळीवर खर्रा घोटतात,
खांदा स्थिर, कोपर स्थिर,
फक्त मनगट.
मी शाळेतून आले की त्यांचा चहा होईपर्यंत
घोटायला मीच बसायची.
गिऱ्हाईकं म्हणायची, पोरीच्या हातचा बारीक होते.

आता तीच गिऱ्हाईकं नसतील,
पण पारडीचा ऑटोवाला, हिंगण्याच्या कंपनीतला पोरगा,
तोंड उघडतात आणि मला डाग ओळखू येतो,
चहाचा नाही, विडीचा नाही,
हिरडीच्या काठानं गेलेली काळपट तांबडी रेघ.
"अजून उघडा."
"एवढंच उघडते मॅडम."
पुस्तकात लिहिलंय : तीन बोटं सहज जावीत.
त्या पोराच्या तोंडात दोन गेली. तेवीस वर्षांचा.
मी वहीत आकडा लिहिला
आणि हातमोजे बदलायला जरा जास्तच वेळ लावला.

पोळ्याला घरी गेले होते.
आईनं मटणाचा रस्सा फिका केला होता.
कधीपासून, विचारलं.
"तुह्या बाबाले झोंबते आजकाल," ती म्हणाली
आणि मीठ पुढे सरकवलं.
बाबा भाकरीचा तुकडा
चार ठिकाणी मोडत होते.
मी बघत राहिले.
"काय पाहून रायली? जेव."
माझी तीन बोटं मांडीवर,
एकमेकांना चिकटून,
रस्सा गार होईपर्यंत.

प्रश्न नऊ. आपल्या व्यवसायाचा अभिमान वाटतो का?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.
मी चारवर खूण केली, खोडली,
पुन्हा चारवरच केली. कागद तिथं पातळ झाला.

मॅडम कागद गोळा करत आल्या.
डिंपलनं पालकांची इच्छा आणि नोकरीची हमी
दोन्हीवर खूण केली होती, चालेल का विचारत होती.
माझी इंचाची रेघ कोरी राहिली होती,
घाईत लिहिलं : मनगट.
मॅडमनी वाचलं. वाटलं असेल, काही तरी चुकून.

शनिवारी उमरेडची साडेपाचची गाडी पकडायची आहे.
सरांना विचारून
आरसा आणि टॉर्च नेते आहे.