ड्रेसरची नोंद

भुसावळ, रेल्वे दवाखाना, वॉर्ड नंबर तीन.
खिडकीतून लोको शेडचे पत्रे दिसतील
असा पलंग त्यांनी मागून घेतला.
मी ड्रेसर. सकाळी सातला पट्टी सोडतो,
आधी भिजवायची, मग हळूहळू,
चिकटलेलं तिकीट पाकिटातून काढावं तशी.
आत सुभान तडवींचा डावा पाय.

अंगठा मार्चमध्ये गेला.
शेजारची दोन बोटं रामनवमीच्या आसपास.
साखर चारशेच्या खाली यायला तयार नाही.
डॉक्टर पेनाने नडगीवर एक रेघ मारून गेलेत,
मी ती पुसली जाणार नाही असं बघायचं.

बाहेर बाकावर माणसं.
शेहेचाळीस डिग्रीत, डोक्याला ओली उपरणी गुंडाळून.
यावलहून कुणी केळीची फणी आणतं,
पेशंटला चालत नाही, आम्हीच खातो.
बोलणं एकच,
एकोणऐंशीच्या फायनलचा तो गोल.

दगडू फिरके म्हणतात, मधल्या रेघेपासून निघाला, पाच जण कापले.
रिटायर गार्ड डिक्रूझ म्हणतात, छे, तीन.
चौथा आपणच पडला.
रिक्षावाला अय्यूब सांगतो, जाळं फाडून चेंडू रुळांवर गेला
आणि हावडा मेलच्या ड्रायव्हरने शिटी दिली.
अय्यूबचा जन्म ब्याऐंशीचा.
त्याला कुणी अडवत नाही.
बापाने जाताना रिक्षा दिली, तसा हा गोलही दिला.

एका गोष्टीवर मात्र वाद नाही.
डावा.
"त्याले पाय नका म्हनू भो,"
फिरके म्हणतात, आणि पुढचा शब्द त्यांना सापडत नाही.

मी होतो तिथे. नऊ वर्षांचा,
गोलामागे चेंडू आणून देणाऱ्या पोरांत.
मैदान इंजिनाच्या राखेचं. पडलं की गुडघ्यात काळे कण बसायचे,
माझ्या उजव्या गुडघ्यात अजून तीन आहेत.
सगळे मला विचारतात, तू तर दहा पावलांवर होतास.
हो म्हणतो.
खरं म्हणजे माझ्या हातात बर्फाचा गोळा होता,
काडीवरून सुटून तो राखेत पडला,
मी खाली वाकलो,
आणि वर बघेपर्यंत सगळं गाव मैदानात.
सेहेचाळीस वर्षं मी गोल सांगतोय
आणि आठवतो गोळा.

परवा पट्टी बांधताना हे त्यांना सांगून टाकलं.
कुणाला तरी सांगायचंच होतं.
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले,
मोतीबिंदूचे डोळे, काय दिसतं कुणास ठाऊक.
मग म्हणाले, "डावा घसरला व्हता रे.
राखीत. उजव्याले लागून गेला.
मले तर वाटलं बाहेर गेला."

मी पट्टीचा पिळा तसाच धरून बसलो.

"कोनाले सांगू नको. लोकाइनं डाव्यावर लय जीव लावला."
आणि हसले. मीही.
इतके, की सिस्टर दारात येऊन उभी राहिली,
पलंग हलत होता, सलाईनची बाटली हलत होती,
हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी दिलं.

आज मंगळवार. उद्या सकाळी नऊला,
गुडघ्याखाली.
बाकावर कुणी बोलत नव्हतं.
डिक्रूझ टोपी मांडीवर घेऊन बसलेले.
अय्यूबने मला व्हरांड्यात गाठलं,
माझ्या बाहीला धरून हळूच विचारलं,
"भाऊ, डाव्याऐवजी उजवा नाही का चालनार?"

ओठांवर आलं होतं.
त्याचा हात सोडवला, आत गेलो.
हात धुतले.
सुभानभाई झोपलेले. चादर बाजूला सारली
आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा उजव्या पायाकडे बघितलं.
टाच भेगाळलेली. नखं वाढलेली.
तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

छोटी कात्री घेतली.
एक एक करून,
कुठे रक्त येऊ न देता,
कापली.