तलाठी

त्याचं नाव मी ठेवलं नाही, त्यानंच कमावलं.
केळीच्या ट्रकमागून आला, तांब्याएवढा,
सावद्याकडून की रावेरकडून कोण जाणे,
आणि पहिल्याच दिवशी परसाची मोजणी केली.
शेवग्यापाशी पाय उचलताना कलंडला,
तरी काम सोडलं नाही:
हौद, भुरीचा खुंटा, कोंबड्यांचं खुराडं,
आणि शेवटी जाऊबाईंची भिंत,
जिच्यापायी आम्ही दोघी नऊ वर्षं बोलत नाही.
हे म्हणाले, हा तर तलाठी निघाला.

पुढं खरे भाऊसाहेब सातबाऱ्याच्या कामानं घरी आले.
मी आतून ओरडले,
"तलाठ्या, मेल्या, अंडं ठेव खाली!"
त्यांचा कप ओठांपाशीच थांबला.

अंडं मात्र खाली ठेवलं गेलं. न फुटता.
त्याच्या दातांना अंड्याची कदर आहे,
कोंबडीची नाही.
सहा कोंबड्या, शेपट्या मोजल्या तर साडेतीन भरतील.
फौजदार कोंबडा हल्ली पत्र्यावरूनच हुकूम सोडतो.
हतनूरकडच्या पाहुण्यांनी दिलेली दोन बदकं
हौदात उतरली, की हा काठावर बसून
त्यांना पोहायला शिकवतो, भुंकून भुंकून.
एकदा स्वतःच पडला.
बदकांनी मान वळवली नाही.

भुरी शेळी तेवढी त्याला बधत नाही.
एक शिंग तिरकं करते, नुसतं तिरकं,
आणि तलाठी दप्तर आवरून निघतो
ठिबकच्या नळ्या चावायला.
गवतात तळं, अन् भरताच्या वांग्यांना थेंब नाही.
एका अमावास्येला मांड्यांची कणीक पळवली,
ती त्याच्या मिशांवर वाळली,
दोन दिवस म्हाताऱ्यासारखा फिरला.
कसं करू व माय याचं!

रात्री तो भिंतीपलीकडे जातो,
मोरीच्या त्या भोकातून
जे कुणाच्या हद्दीत येतं ते अजून ठरलेलं नाही,
आणि कुमुदची चप्पल आणतो. एकच. डावी.
सकाळी मी ती भिंतीवरून टाकते, न बोलता.
दुसऱ्या दिवशी माझी तिकडून येते,
थप्प, कोथिंबिरीत.
नऊ वर्षांत आमच्यात एवढी देवाणघेवाण झाली नव्हती.

मग मे महिना.
पारा शेहेचाळीसला टेकतो,
दाराची कडी हाताला चटका देते,
साऱ्या परसात ओल उरते हातभर,
कूलरच्या मागे, जिथं पाणी गळतं तिथं.
तिथं येतात सगळे.
चोची उघड्या टाकून कोंबड्या, दोन बदकं, भुरी,
पत्रा तापला म्हणून खाली उतरलेला फौजदार,
आणि मधोमध, पोट जमिनीला लावून, तलाठी.
त्याच्या पाठीला टेकून तीच कोंबडी,
जिची शेपटी त्याच्याकडे जमा आहे.
कुणी कुणाचं नाव घेत नाही.
लाईट गेली तरी कुणी उठत नाही.

पाच वाजता केळीच्या बागांकडून वारा वळतो.
कुत्र्याचा एक कान हलतो.
झालं.
पिसं, पत्रा, धूळ, भुरीचं शिंग.

परवा माझी चप्पल आली भिंतीवरून.
तुटलेला अंगठा शिवलेला होता, निळ्या दोऱ्यानं.
आमच्या घरात निळा दोरा नाही.
मी ती उलटीसुलटी पाहिली, पायात घातली,
चालून बघायचं म्हणून भिंतीपर्यंत गेले.
पलीकडे कुमुद खोकली.
मीही खोकले.
पुढं काय करायचं असतं ते दोघींनाही आठवेना.

तेवढ्यात भोकातून तलाठी आला,
अर्धा तिच्या हद्दीत, अर्धा माझ्या,
तिथंच अडकला, पोट वाढलंय मेल्याचं,
आणि तोंडात तिची उजवी.

"डावीचा कंटाळा आला वाटतं,"
मी म्हणाले. कुत्र्याला.
भिंतीपलीकडे कुणीतरी हसलं.
तेही कुत्र्यालाच.